ऋण अपूर्णांकांची बेरीज : एका शालेय उदाहरणाचा इतिहास



मागच्या व्याख्यानात आपण शून्याचा प्रवास पाहिला. आजचा विषय त्याहून लहान वाटेल. विषय कळल्यावर एका जुन्या विद्यार्थ्याने आम्हाला विचारलंही, "सर, हे तर शाळेच्या पुस्तकातलं आहे, त्यावर तासभर काय बोलणार?" प्रश्न रास्त आहे. आमचं उत्तर असं की, शाळेच्या पुस्तकात ज्या गोष्टी दोन ओळींत उरकल्या जातात, त्या माणसाला सुचायला पुष्कळदा हजारेक वर्षं लागलेली असतात. ती वर्षं पुसून टाकली की मागे नुसता नियम उरतो. आणि नुसता नियम मुलांना घाबरवतो.

उदाहरण समोर ठेवू. उणे एक तृतीयांश अधिक उणे एक चतुर्थांश किती? म्हणजे (−१/३) + (−१/४).

आम्ही शाळेत असताना हे गणित फळ्यावर आलं, तेव्हा आमच्या बाकावरच्या मित्राने उत्तर लिहिलं −२/७. वर एक आणि एक दोन, खाली तीन आणि चार सात, आणि पुढे उणे चिन्ह. त्याच्या वहीवर लाल फुली पडली. आमचं उत्तर बरोबर आलं होतं, −७/१२. पण खरं सांगायचं तर आम्हालाही काही कळलेलं नव्हतं, कृती पाठ होती इतकंच. मित्राने उभं राहून विचारलं, "पण हे चूक का?" त्याला उत्तर मिळालं, "नियम आहे म्हणून. खाली बस." तो खाली बसला, आणि पुढे गणितात बसलेलाच राहिला.

आता गंमत बघा. या मुलाच्या वडिलांचं किराणा मालाचं छोटं दुकान होतं. संध्याकाळी उधारीची वही तोच सांभाळायचा. त्याला जर कोणी म्हटलं असतं की, "एका गिऱ्हाइकाने तिसरा हिस्सा रुपया उधार नेला, मग आणखी पाव रुपया उधार नेला, आता त्याच्याकडे किती येणं?" तर त्याने एक क्षण न थांबता उत्तर दिलं असतं. जुना हिशोब आठवा : रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै. तिसरा हिस्सा ६४ पै, पाव रुपया ४८ पै, एकूण ११२ पै, म्हणजे नऊ आणे चार पै. आणि ११२ भागिले १९२ म्हणजेच ७/१२. याउलट रुपयाचे २/७ म्हणजे पंचावन्न पैंच्याही आत. म्हणजे गिऱ्हाइकाने आधी चौसष्ट पै नेल्या, मग आणखी नेल्या, आणि उधारी कमी झाली! असा हिशोब त्या मुलाने दुकानात एक दिवसही चालू दिला नसता. दुकानात तो चुकत नव्हता, वहीत चुकत होता. असं का व्हावं, हा आजचा आपला प्रश्न आहे.

या एका उदाहरणात दोन वेगळ्या कल्पना एकत्र आलेल्या आहेत. पहिली कल्पना अशी की, बेरीज सजातीय वस्तूंचीच होते. तीन आंबे आणि दोन माणसं मिळून पाच काय? काहीच नाही. तसेच तृतीयांश आणि चतुर्थांश हे वेगवेगळ्या मापाचे तुकडे आहेत. त्यांना एका मापात आणल्याशिवाय मोजता येत नाही. दुसरी कल्पना अशी की, संख्येला दिशा असते. येणं आणि देणं, पुढे आणि मागे. या दोन्ही कल्पना इतिहासात स्वतंत्रपणे वाढल्या, आणि मुलाच्या वहीत मात्र त्या एकाच ओळीत, एकाच दिवशी येऊन आदळतात.

आपल्या भाषेत या दोन्ही कल्पना किती मुरलेल्या आहेत ते आधी पाहू. 'पाव' हा शब्द 'पाद' वरून आला, म्हणजे चौथा भाग. 'पाऊण' म्हणजे पाद-ऊन, पावाने उणा. 'पावणेचार वाजले' म्हणताना आपण काय म्हणतो? चार, उणे पाव. म्हणजे चारमध्ये एक ऋण अपूर्णांक मिळवलेला आहे. 'एकोणीस' मध्येही तेच : वीसला एक ऊन. 'सव्वा' म्हणजे सपाद, पावासहित. 'साडे' म्हणजे सार्ध, अर्ध्यासहित. आमच्या लहानपणी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी घरोघर घोकल्या जायच्या. औट म्हणजे साडेतीन. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली आणि हे पाढे हळूहळू मागे पडले. पण त्याआधी बाजारात बसलेली बाई काय करत होती बघा. एका गिऱ्हाइकाचे पावणेचार रुपये, दुसऱ्याचे आणा कमी पाच रुपये. ती म्हणायची, चार आणि पाच नऊ, त्यात चार आणे कमी आणि एक आणा कमी, म्हणजे पाच आणे कमी नऊ, आठ रुपये अकरा आणे. हे (−१/४) + (−१/१६) = −५/१६ आहे. छेद वेगळे, दोन्ही ऋण. बाईने शाळा पाहिलेली नसेल, पण समच्छेद केला, कारण आणा हे माप तिच्या हातात होतं.

म्हणजे व्यवहाराला हे अवघड नव्हतं. अवघड होतं ते व्यवहाराला नियमाचं रूप देणं. आता त्या इतिहासाकडे वळू.

सर्वांत जुनी सुस्पष्ट मांडणी चीनमध्ये सापडते. तिथल्या 'नऊ प्रकरणे' या गणितग्रंथाची रचना साधारण इसवी सनाच्या पहिल्या शतकापर्यंत पूर्ण झालेली होती. त्याच्या पहिल्या प्रकरणात शेतांच्या मोजणीच्या निमित्ताने अपूर्णांकांची बेरीज येते : प्रत्येक अंशाला दुसऱ्याच्या छेदाने गुणा, मिळवा, आणि छेदांच्या गुणाकाराने भागा. लिऊ हुई नावाच्या भाष्यकाराने २६३ मध्ये याचं कारणही दिलं. तुकडे एका मापाचे केल्याशिवाय ते जुळत नाहीत, आणि छेद बदलला की अंशही त्याच प्रमाणात बदलला पाहिजे, म्हणजे राशी तीच राहते. धन आणि ऋण यांचे नियम मात्र त्या ग्रंथात आठव्या प्रकरणात येतात, समीकरणं सोडवताना. मोजणीच्या काड्या वापरल्या जात, आणि लिऊ हुई सांगतो की धन राशीला लाल काड्या घ्या, ऋण राशीला काळ्या. एकाच ग्रंथात दोन्ही कल्पना आहेत, पण पहिल्या आणि आठव्या प्रकरणात.

आपल्याकडेही असंच झालं. ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, 'ब्राह्मस्फुटसिद्धान्त' लिहिला. तो भिल्लमालचा, म्हणजे आजच्या राजस्थानातल्या भीनमाळचा. अपूर्णांकांचे नियम त्याने बाराव्या, गणिताच्या अध्यायात दिले. धन, ऋण आणि शून्य यांचे नियम अठराव्या, कुट्टकाच्या अध्यायात दिले. तिथे तो सांगतो की दोन धनांची बेरीज धन, दोन ऋणांची बेरीज ऋण, धन आणि ऋण यांची बेरीज म्हणजे त्यांच्यातला फरक, आणि दोन्ही सारखी असतील तर शून्य. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, वर्ग, वर्गमूळ, सगळ्यांचे नियम ओळीने दिलेले आहेत. शब्द बघा : धन म्हणजे संपत्ती, ऋण म्हणजे कर्ज. ज्याला आज युरोपीय भाषांत नकाराचा शब्द आहे, त्याला आपल्याकडे देण्याचा शब्द आहे. हा फरक लहान नाही. त्याकडे आपण परत येऊ.

लिहिण्याची पद्धतही वेगळी होती. १८८१ मध्ये पेशावरच्या परिसरात बक्षाली गावाजवळ भूर्जपत्रावरचं एक गणिताचं हस्तलिखित सापडलं. ते आता ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. त्यात अपूर्णांक लिहिताना अंश वर, छेद खाली, मधे रेघ नाही. आणि ऋण संख्येच्या पुढे जे चिन्ह काढलंय ते आजच्या अधिक चिन्हासारखं दिसतं! आजच्या मुलाने ते पान पाहिलं तर सगळी गणितं उलटी सोडवील. पुढे भास्कराचार्यांच्या काळी ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब देत. चिन्ह म्हणजे संकेत आहे, त्यात पवित्र असं काही नाही, हे यावरून कळतं.

समच्छेदाच्या बाबतीत पुढचं पाऊल टाकलं ते महावीराचार्याने. हा जैन गणिती राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळचा, ८५० च्या सुमाराचा. त्याच्या 'गणितसारसंग्रह' या ग्रंथात छेद नुसते एकमेकांत गुणायचे नाहीत, तर त्यांचा 'निरुद्ध' काढायचा असं येतं. निरुद्ध म्हणजे आपला लसावि. आणि भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (११५०) दोन्ही वाटा दिल्या आहेत. छेदांनी परस्पर गुणा. आणि बुद्धिमान असाल तर आधी छेदांना सामाईक अवयवाने लहान करून घ्या आणि मग गुणा.

फरक काय पडतो ते एका उदाहरणात पाहू. (−३/४) + ५/६ + (−७/८). छेद सरळ गुणले तर चार सहा चोवीस, चोवीस आठ एकशे ब्याण्णव. योगायोग बघा, रुपयाच्या पै तितक्याच! मग अंश होतात −१४४, +१६० आणि −१६८. दोन्ही ऋणं मिळून ३१२ देणं, १६० येणं, उरलं १५२ देणं. उत्तर −१५२/१९२. आता निरुद्धाने करू. चार, सहा आणि आठ यांचा लसावि २४. अंश −१८, +२०, −२१. देणं ३९, येणं २०, उरलं १९ देणं. उत्तर −१९/२४. दोन्ही उत्तरं एकच आहेत, १५२ आणि १९२ यांना आठने भागून बघा. पहिल्या वाटेने पैंमध्ये मोजलं, दुसऱ्या वाटेने आठ-आठ पैंच्या ढिगांत मोजलं. समच्छेद करणं म्हणजे सगळ्यांना पुरेल असं नाणं शोधणं. इतकंच आहे ते.

हे कौशल्य झालं. पण ऋण संख्या खरोखर 'आहे' का, हा प्रश्न राहतोच, आणि तो भास्कराचार्यांनाही सुटलेला नव्हता. त्यांच्या 'बीजगणिता'त वानरांचं एक उदाहरण आहे. कळपाच्या पाचव्या भागातून तीन कमी करायचे, जे येईल त्याचा वर्ग करायचा, तितकी वानरं गुहेत गेली, आणि एक फांदीवर दिसतंय. तर एकूण किती? उत्तरं दोन येतात, ५० आणि ५. पन्नासचा पाचवा भाग दहा, त्यातून तीन गेले सात, सातचा वर्ग ४९, आणि फांदीवरचं एक. जमलं. पाच घेतले तर पाचवा भाग एक, त्यातून तीन गेले उणे दोन, त्याचा वर्ग चार, आणि एक मिळून पाच. हेही जमलं! पण आचार्य दुसरं उत्तर घेत नाहीत. त्यांचं म्हणणं असं की, प्रत्यक्ष वस्तूंमध्ये ऋण राशीवर लोकांचा विश्वास बसत नाही. गणित चुकलेलं नाही, पण उणे दोन वानरं कोणी पाहिली आहेत? हा प्रामाणिकपणा आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो.

भास्कराचार्यांची परंपरा आपल्या मातीत टिकली, याचा शिलालेखाचा पुरावा आहे. चाळीसगावजवळ पाटण येथे त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला. १२०७ च्या सुमाराचा तो लेख भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. लेख संस्कृतात आहे, पण मठाला काय काय द्यायचं हे सांगणारा शेवटचा भाग त्या काळच्या मराठीत आहे. देण्याघेण्याची गोष्ट आली की मराठी आली!

आणि भास्कराचार्यांनी जो प्रश्न उघडा ठेवला, त्याचं उत्तर देणारा माणूसही विदर्भातल्या घराण्यातला निघाला. कृष्ण दैवज्ञ. हे घराणं मूळचं पयोष्णीकाठच्या दधिग्रामचं, पुढे काशीला गेलेलं. कृष्ण दैवज्ञाला जहांगीर बादशहाचा आश्रय होता. १६०० च्या सुमारास त्याने भास्कराचार्यांच्या बीजगणितावर 'बीजपल्लव' ही टीका लिहिली. तीत तो विचारतो, ऋणत्व म्हणजे नेमकं काय? आणि उत्तर देतो : वैपरीत्य, उलटेपण. ते तीन प्रकारचं असतं. स्थळाचं, काळाचं आणि वस्तूचं. काशीहून पाटलिपुत्र पूर्वेला आणि प्रयाग पश्चिमेला. पूर्व धन मानली तर पश्चिम ऋण. तसंच पुढचा काळ आणि मागचा काळ. आणि वस्तूच्या बाबतीत मालकीचं उलटेपण, म्हणजे येणं आणि देणं.

आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, म्हणून इथे थोडं थांबतो. आपल्याकडे न्याय-वैशेषिकांनी अभावाचा फार बारीक विचार केला. घडा अजून झाला नाही तो प्रागभाव, फुटला तो प्रध्वंसाभाव, शिवाय अत्यंताभाव आणि अन्योन्याभाव. पण कर्ज हा पैशाचा अभाव नव्हे. ज्याच्या खिशात काही नाही आणि ज्याच्या डोक्यावर पाच रुपये आहेत, ते दोघं सारखे नाहीत. पहिल्याला पाच रुपये दिले तर त्याच्याकडे पाच होतात. दुसऱ्याला दिले तर त्याचं शून्य होतं. ऋण म्हणजे 'नसणं' नाही, 'उलट असणं' आहे. जर्मनीत कांटने १७६३ मध्ये एक निबंध लिहिला, ऋण राशींची संकल्पना तत्त्वज्ञानात आणण्यासाठी. त्यात तो हाच भेद करतो. तार्किक व्याघात वेगळा, ज्यात काहीच शिल्लक राहत नाही, आणि खरा विरोध वेगळा, ज्यात दोन्ही बाजू खऱ्या असतात. पोर्तुगालहून ब्राझीलला निघालेलं जहाज एका वाऱ्याने पुढे जातं आणि उलट वाऱ्याने मागे येतं. दोन्ही वारे खरेच आहेत. काशी ते प्रयाग आणि पोर्तुगाल ते ब्राझील, मधे साधारण एकशे साठ वर्षं. विचार एकच.

आणि हे सर्वांना मान्य होतं असं समजू नका. इंग्लंडमध्ये १७५८ मध्ये फ्रान्सिस मासेरेसने आणि १७९६ मध्ये विल्यम फ्रेंडने ऋण संख्यांना विरोध करणारी पुस्तकं लिहिली. १८१७ मध्ये कोलब्रुकने ब्रह्मगुप्त आणि भास्कर यांचं इंग्रजी भाषांतर लंडनमध्ये छापलं, तरी शंका मिटल्या नाहीत. १८३१ मध्ये डी मॉर्गन एक उदाहरण देतो. बाप ५६ वर्षांचा, मुलगा २९ वर्षांचा, बाप मुलाच्या दुप्पट वयाचा कधी होईल? उत्तर येतं उणे दोन. डी मॉर्गनला हे उत्तर असंबद्ध वाटतं आणि तो म्हणतो, प्रश्नच बदलून विचारा. आता कृष्ण दैवज्ञाला विचारा. काळाचं वैपरीत्य! उणे दोन वर्षांनी म्हणजे दोन वर्षांपूर्वी. तेव्हा बाप ५४ आणि मुलगा २७. उत्तर बोलतंय, आपण ऐकायचं.

आता फळ्यावरच्या त्या गणिताकडे परत जाऊ. (−१/३) + (−१/४). एक नाव पश्चिमेला एक तृतीयांश कोस गेली, आणखी पाव कोस पश्चिमेला गेली. कुठे आहे? बारा भागांच्या कोसात चार भाग आणि तीन भाग, सात भाग पश्चिमेला. आणि तीच नाव एक तृतीयांश कोस पश्चिमेला जाऊन पाव कोस पूर्वेला परतली तर? चार भाग गेली, तीन भाग आली, एक भाग पश्चिमेलाच आहे. −१/१२. दोन प्रश्न विचारायचे आणि दोन्ही वेगवेगळे विचारायचे. पहिला, माप एक आहे का? दुसरा, तोंड कुठल्या दिशेला आहे? चीनच्या ग्रंथात हे प्रश्न पहिल्या आणि आठव्या प्रकरणात आहेत, ब्रह्मगुप्ताकडे बाराव्या आणि अठराव्या अध्यायात. थोर लोकांनीही ते एकेक करून सोडवले. मग बारा वर्षांच्या पोराने ते एका दमात, कारण न सांगता, सोडवावेत अशी अपेक्षा आपण का करतो?

तो आमचा मित्र पुढे वडिलांचं दुकान चालवत राहिला. त्याच्या वहीत उधारीची एक पै कधी चुकली नाही, आणि गणित आपल्याला येत नाही असं तो आयुष्यभर सांगत आला. त्याने त्या दिवशी विचारलेला प्रश्न, "हे चूक का?", हा ब्रह्मगुप्तापासून कांटपर्यंत सगळ्यांचा प्रश्न होता. त्याला एवढंच विचारायचं होतं, "बाळ, गिऱ्हाइकाने आणखी नेलं, मग उधारी कमी कशी झाली?" तो स्वतःच हसला असता आणि फुली स्वतःच मारली असती.

तुमच्या घरी एखादं पोर −२/७ असं उत्तर घेऊन आलं, तर फुली मारायच्या आधी त्याला हा प्रश्न विचारून बघा. पुढच्या वेळी आपण दशांश अपूर्णांकांकडे वळू.